उठेल तो मीच कशावरून?

आमच्या ह्यांना मरणाची भीती कधी वाटली नाही. तीस वर्षं डिचोलीच्या खाणींवर टिपर चालवला. एकदा उतारावर ब्रेक गेला तेव्हा भरलेला टिपर डोंगराला घासत नेऊन थांबवला, खाली उतरले आणि पहिली विडी पेटवली. असल्या माणसाला साठीनंतर भीती बसली ती कसली, तर शुद्धीवर येण्याची. बेशुद्ध होण्याची नव्हे हं, शुद्धीवर येण्याची! मला वाटलं बोलताना जीभ घसरली असेल. पण त्यांनी ते दोनदा सांगितलं, आणि दोन्ही वेळा तेच सांगितलं.

त्याचं असं झालं. काजूचे दिवस होते. आमचं गाव पेडण्यात, कोरगावच्या अलीकडे, आणि काजूची बाग घरामागच्या डोंगरावर. हे पुढे, मी टोपली घेऊन मागे. अर्ध्या वाटेवर हे एका दगडावर बसले आणि म्हणाले, "जरा बसतो." खाली बोंडू पडून सडतायत आणि हा माणूस बसतो? लग्नाला अडतीस वर्षं झाली, काजूच्या दिवसांत ह्यांना बसलेलं मी पाहिलं नव्हतं. टोपली तिथेच टाकली आणि ह्यांना दवाखान्यात नेलं. तिथून बांबोळीच्या मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं, तपासण्या झाल्या, आणि कळलं की काळजाच्या तीन नळ्या तुंबल्यात. ऑपरेशन करायलाच हवं, नाहीतर पुढची काजू बघायला मिळेल याची खात्री नाही, असं डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं.

डॉक्टर बिचारा चांगला होता. कागदावर काळीज काढून दाखवलं. "काका, तास-दीड तास हृदय थांबवायचं. तेवढा वेळ रक्त मशीन फिरवेल. काम झालं की हृदय परत चालू."

"आणि श्वास?" ह्यांनी विचारलं.

"तोही मशीनच देईल."

"आणि मी?"

"तुम्ही गाढ झोपेत. तुम्हाला काही कळणार नाही."

"झोपेत मला सगळं कळतं, डॉक्टर. डास चावला तर कळतं. ही बाजूला घोरते तेसुद्धा कळतं."

डॉक्टर हसले. मी हसले नाही, कारण मी घोरत नाही.

"इंजिन बंद, पंप बंद, आणि ड्रायव्हर पण जाग्यावर नाही," हे पुढे बोलू लागले. "मग त्या वेळेला गाडीत कोण?" डॉक्टरांनी घड्याळाकडे बघितलं, चार आठवड्यांनंतरची तारीख लिहून दिली आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

घरी येईपर्यंत ह्यांच्या डोक्यात किडा शिरला होता. आणि त्या किड्याला खायला घातलं आमच्या मुलीने. ती साखळीला हायर सेकंडरीत फिजिक्स शिकवते. रविवारी बापाला बघायला आली. बाप गप्प गप्प, म्हणून त्यांना जरा रमवावं या हेतूने बोलायला लागली. करायला गेली गणपती आणि झाला मारुती, दुसरं काय!

"बाबा, तुम्ही म्हणता तसा प्रश्न मोठमोठ्या लोकांना पण पडलाय," ती म्हणाली. "समजा, एक यंत्र आहे. साखळीच्या बसस्टँडवर एक पेटी. तुम्ही आत शिरलात की यंत्र तुमच्या अंगातला कण न् कण लिहून घेतं. मग इथलं अंग पुसून टाकतं, आणि पेडण्याच्या स्टँडवरच्या पेटीत नवीन कणांनी हुबेहूब तुम्हाला उभं करतं. तोच तीळ, तीच दाढी, तीच आठवण. मग पेडण्याला उतरला तो कोण?"

ह्यांचा पाव चहात बुडवलेला तसाच राहिला आणि विरघळला.

"म्हणजे साखळीचा मेला," हे म्हणाले.

"नाही हो बाबा, तो पेडण्याला पोचला ना!"

"पेडण्याला पोचला तो वेगळा. त्याला फक्त वाटतं की तो मी आहे. आणि समजा, ते यंत्र साखळीच्याला पुसायला विसरलं तर?"

मुलगी खूश झाली. तिचे विद्यार्थी असले प्रश्न विचारत नसावेत. "वा! मग दोन तुम्ही."

"मग घरी जेवायला येणार तो कुठला?"

"जो आधी येईल तो," मी स्वयंपाकघरातून ओरडले. "शीत मी मोजून घालते. आणि दोन दोन मी कुठे ठेवू? एक सांभाळताना नाकी नऊ आलेत."

मुलगी हसली. हे हसले नाहीत. त्यांनी तिला एवढंच विचारलं, "हुबेहूब असला म्हणजे तोच, असं तुमच्या पुस्तकात लिहिलंय काय?" मुलगी म्हणाली, असं कुठल्याच पुस्तकात नक्की लिहिलेलं नाही. शिरा पडो त्या फिजिक्सवर! एवढा पगार घेतात आणि बापाला धड एक हो म्हणता येत नाही.

त्या दिवसापासून ह्यांनी एकच धरलं. ऑपरेशन होईल, माणूस उठेल, घरी येईल, माझी विडी मागेल, माझ्या जागेवर झोपेल, पण तो मीच कशावरून? मी तर तिथे टेबलावर संपलेला असेन आणि कुणाला कळणारसुद्धा नाही. मला, मला पण कळणार नाही. हे बोलताना त्यांचा आवाज कापायचा, आणि मला तो कापलेला आवाज ऐकवायचा नाही, म्हणून मी भांडी घासायला घ्यायची. त्या दिवसांत आमच्या घरातली भांडी एवढी लखलखत होती की शेजारीण विचारायला आली, लग्नकार्य आहे काय म्हणून.

शेवटी त्यांनी ठरवलं. देवाला विचारायचं. देव जा म्हणाला तर जायचं.

आमच्याकडे कौल लावतात. देवाच्या मूर्तीवर ठरलेल्या जागी, उजवीकडे आणि डावीकडे, फुलाच्या पाकळ्या पाण्याने चिकटवायच्या, गुरवाने गाऱ्हाणं घालायचं आणि बसून वाट बघायची. उजवी पाकळी आधी पडली तर देवाचं हो, डावी पडली तर नाही. लग्न, विहीर, घराचा पाया, सगळं आमच्या गावात याच वाटेने गेलेलं आहे. ह्यांनी टिपरची नोकरी धरली ती उजवी पडली म्हणून. मला बघायला माझ्या माहेरी नार्व्याला आले तेसुद्धा उजवी घेऊनच आले होते, असं सासूबाई सांगायच्या. डावीचं काय झालं असतं ते देवाला ठाऊक.

पण नेमका त्याच महिन्यात देव जाग्यावर नव्हता.

हे जरा नीट सांगायला हवं. आमच्या गावदेवाची मूर्ती काळ्या दगडाची, आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या अभिषेकाने तिचं नाक झिजून सपाट झालेलं. भटजींनी सांगितलं, झिजलेली मूर्ती पूजेला चालत नाही, नवीन करा. गावाने मानलं. कमिटी झाली, शिल्पकार आणला. आणि मग बैठकीत एक म्हातारा उठून म्हणाला, "नवीन देवाचं नाक कसं काढणार?" शिल्पकार म्हणाला, "सरळ, सुंदर." म्हातारा खवळला. "आमचो देव नकटो असा! माझ्या बापाने नकटो बघितलो, मी नकटो बघितलंय. सरळ नाकाचो कोण तो? माका वळखीचो नाय!" झालं! अख्खा गाव म्हाताऱ्याच्या बाजूने. वर्षभर वाद चालला. शेवटी भटजींनी कपाळावर हात मारला आणि तोड काढली, की नवीन मूर्तीचं नाक झिजलेलं नसेल, ते मुळातच बसकं घडवलेलं असेल, आणि बसक्या नाकाला शास्त्रात मनाई नाही.

मग शिल्पकाराने दोऱ्याने मापं घेतली, फोटो काढले, ओल्या मातीवर नाकाचा ठसा घेतला आणि हुबेहूब मूर्ती केली. कानामागचा टवकासुद्धा सोडला नाही. तरीही लोक म्हणाले, नवा दगड फिका दिसतो, परका वाटतो. म्हणून कमिटीने महिनाभर रोज खोबरेल चोळलं. आता दोन मूर्ती शेजारी ठेवल्या तर फरक सांगणाऱ्याला काही बक्षीस लावावं, इतक्या सारख्या झाल्या. मुलगी ते बघून म्हणाली, "आई, माझं यंत्र साखळीला नको, इथेच आहे." मी तिला डोळ्यांनीच दाबलं.

देवाला जुन्या दगडातून नव्या दगडात न्यायची रीत अशी: भटजी मंत्र म्हणून देवाचं तत्त्व एका तांब्याच्या कलशात काढून घेतात, वर नारळ ठेवतात, आणि नवी मूर्ती बसेपर्यंत देव त्या कलशात राहतो. गर्भगृह रिकामं, आणि बाजूच्या खोलीत पाटावर कलश. लोक कलशाला हात जोडून जात होते. हे कौल लावायला गेले तर गुरव म्हणाला, "आता कसो लावू? कलशार पाकळी चिकटणा नाय. बसवणूक झाली की या." बसवणूक ऑपरेशनच्या बारा दिवस आधी होती. म्हटलं, चला, वेळ आहे.

बसवणुकीच्या दिवशी ह्यांना जड काम करायची बंदी, म्हणून कमिटीने बसून करण्यासारखं काम दिलं. देवळामागच्या मांडवात दोन्ही मूर्ती पांढऱ्या कापडात गुंडाळून आडव्या ठेवल्या होत्या. नदीत सोडायच्या जुन्या मूर्तीला लाल दोरा बांधायचा आणि लक्ष ठेवायचं, बस्स. ह्यांनी दोरा बांधला. चार बेळगावकडचे गडी उचलायला येणार होते, जवळच्या इमारतीच्या कामावरचे. ते आले, ह्यांनी दोरा दाखवला, त्यांनी दोरेवाली मूर्ती नदीकडे नेली. दुसरी आत गेली, मंत्र झाले, कलशातला देव मूर्तीत गेला, घंटा वाजल्या, आणि गाव जेवायला बसला. मी तीन वेळा खीर घेतली. ह्यांनी पहिलीही घेतली नाही. मला वाटलं, पथ्य पाळतायत, आणि मनातून बरं वाटलं. किती ती मी भोळी!

तीन दिवस झाले तरी कौलाचं नाव नाही. मी मागे लागले तर म्हणाले, "जाऊ सावकाश." चौथ्या दिवशी सकाळी पोर्चात कदेलीवर, म्हणजे खुर्चीवर, बसले होते, मी चहा दिला आणि समोर स्टूल घेऊन बसले. म्हटलं, आता सांगितल्याशिवाय उठायचं नाही.

"दोरो मी बरोबर बांधललो," ते म्हणाले. "पण मगे भटजी आले. म्हणाले, दोनांकय शेवटची आंघोळ. कापडां सोडली, दोन मूर्ती बाहेर नेल्यो, न्हाणल्यो, परत हाडल्यो, सुकी कापडां गुंडाळली. दोरो ओल्या कापडाबरोबर गेलो."

"मग?"

"मग मी नवो दोरो बांधलो."

"कुठल्या मूर्तीला?"

ते माझ्याकडे बघत राहिले. असं तोंड त्यांचं मी ब्रेक गेल्याच्या दिवशीही बघितलं नव्हतं.

"उजवीकडच्या," ते म्हणाले. "पण हाडताना अदलाबदल झाली असात तर? माका सांगूक येणा नाय गो. मी नाक बघलंय, कान बघलंय. दोनूय तोच."

अगो बाई माझे! म्हणजे नदीत नवी मूर्ती गेली असेल, आणि देवळात जुनीच बसली असेल? किंवा नसेल? आणि ते या जगात कुणालाही सांगता येणार नाही, कारण गावानेच वर्षभर भांडून तशी तजवीज करून ठेवली होती. मी आधी हसले. हसू आवरेना. मग ह्यांचे डोळे भरलेले दिसले तेव्हा थांबले.

"हे बघा," मी म्हटलं, "त्या वेळेला देव दगडात नव्हताच. देव कलशात होता. नदीत गेला तो दगड, कुठला का असेना. आणि जो दगड आत बसला त्यात देव कलशातून गेला. तुमचं काही चुकलं नाही." मला माझंच कौतुक वाटलं. अंगणवाडीत पोरांना शिकवण्यात आयुष्य गेलं, पण भटजीला तोंड देईन असं बोलले होते.

"दगड कुठलोय चालता, तर गाव नाकासाठी वर्षभर कित्याक भांडलो?"

मी स्टूल जरा पुढे ओढलं.

मग ते हळू आवाजात म्हणाले, आणि हे मी जसंच्या तसं लिहिते, कारण तेव्हापासून ते माझ्या कानातून गेलेलं नाही. "देवाक काढून ठेवूक कलश होतो. नारळ होतो, भटजी होते, मंत्र होते. माका काढून खंय ठेवतले?"

मी चहाचा कप उचलला आणि आत गेले. भांडी घासलेलीच होती. ती परत घासली. मला राग आला होता, डॉक्टरांचा, मुलीचा, शिल्पकाराचा, आणि सगळ्यांत जास्त ह्यांचा. अडतीस वर्षं हा माणूस "मीठ कमी आहे" यापलीकडे मनातलं बोलला नाही, आणि आता बोलतो तर असं बोलतो की बाईमाणसाने जीव कुठे ठेवावा?

आठ दिवस उरले होते. कौल घेतल्याशिवाय हे ऑपरेशनला जाणार नाहीत. आणि कौल घेणार नाहीत, कारण मूर्तीत आहे तो तोच देव की नाही याची खात्री नाही. मुलगी येऊन समजावून गेली, डॉक्टरांनी फोनवर समजावलं. गाढवापुढे वाचली गीता. शेवटी मी म्हटलं, "तुम्ही नका जाऊ. मी जाते. मी विचारते." त्यावर ते म्हणाले, "विचार. पण पयलो प्रश्न, तू तोच मा? मगे ऑपरेशनाचो." म्हणजे आधी देवालाच विचारायचं, तू तोच ना?

सकाळी नऊला नारळ, फुलं घेऊन देवळात गेले. मनात ठरवलं होतं, पहिला प्रश्न हळूच मनात विचारायचा, दुसरा मोठ्याने. पण गाऱ्हाणं गुरव घालतो आणि तो मोठ्यानेच घालतो. वर तो मनातलं मनात चालवून घेत नाही. "वयनी, देवाकडे लपवाछपवी नाय. काय ता उघड सांगा." देवळात कमिटीचे अध्यक्ष होते, सात-आठ माणसं होती. काय करणार? सांगितलं. गुरवाने एकदा माझ्याकडे, एकदा मूर्तीकडे बघितलं, पाकळ्या लावल्या, पंखा बंद करायला सांगितला आणि सुरू झाला.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले. गाऱ्हाण्याची रीतच अशी. गुरव एक वाक्य म्हणणार, आणि जमलेल्यांनी जोर लावून व्हय म्हाराजा म्हणायचं.

"ह्या तुझ्या लेकराच्या काळजात बिघाड झालेलो असा!"

"व्हय म्हाराजा!"

"डाक्टर म्हणतत, काळीज बंद करून परत चालू करतलंव!"

"व्हय म्हाराजा!"

"तो म्हणता, उठतलो तो मी नसतलंय!"

"व्हय म्हाराजा!!"

"अहो, त्याला व्हय म्हणू नका!" मी किंचाळले. मग कुणीतरी मागे फिसकन हसलं, आणि अध्यक्षांनी त्याच्याकडे डोळे वटारले. गुरवाने घसा साफ केला.

"आणि देवा म्हाराजा, त्येच्या मनात शंका असा, की बसवणुकीच्या दिवशी दोरो कुठल्या मूर्तीक बांधलो गेलो ता त्येका ठावक नाय. तेवा तू तोच असशीत, तर उजवी दी म्हाराजा!"

या वेळी व्हय म्हाराजा कुणी म्हटलं नाही. अध्यक्षांचा चेहरा पांढरा पडला. ते उठून मूर्तीच्या नाकाकडे बघायला लागले, मग कानामागच्या टवक्याकडे. सगळे बघायला लागले. बघून काय कळणार होतं?

बसलो. पाकळ्या हलेनात. अर्धा तास गेला. उजवीही नाही, डावीही नाही. कपाळावरून माझा घाम निथळत होता, कारण पंखा बंद. शेवटी गुरव माझ्याजवळ येऊन बसला आणि हळू आवाजात बोलला.

"वयनी, ह्या हातांनी चाळीस वर्सां देवाक न्हाणयलंय. बसवणुकीच्या दुसऱ्या दिवशी हात लावलंय, तेवाच माका पण कळूक नाय, ह्यो जुनो की नवो. कोणाक बोललंय नाय. पण रोज न्हाणयतंय. देव असल्या प्रश्नाक जाब देणा नाय. तुमका काय व्हया ता विचारा."

मला काय हवं? मला माझा नवरा हवा, मी म्हटलं. असं, एवढ्या माणसांसमोर, या वयात. गुरवाने पाकळ्या काढून नव्या लावल्या आणि ऑपरेशनचं गाऱ्हाणं सुरू केलं. ते पुरं व्हायच्या आत उजवी पडली.

"व्हय म्हाराजा!" सगळे ओरडले, गाऱ्हाण्यात तेव्हा म्हणायचं नसतं तरी. अध्यक्षांनी निघताना सगळ्यांना बजावलं की दोऱ्याची गोष्ट देवळाबाहेर जाता कामा नये. आज मी ती लिहिते आहे, ते अध्यक्ष आणि देव दोघेही समजून घेतील.

हे पोर्चात वाट बघत होते.

"पयलो विचारलंस?"

"विचारला."

"आणि?"

"उजवी," मी म्हटलं. "दोन्ही वेळेला उजवी." आयुष्यात ह्यांच्याशी खोटं बोलले ते साडीच्या किमतीबद्दल आणि माहेरी पाठवलेल्या नारळांबद्दल. देवाच्या नावाने कधी नाही. मला वाटलं, जीभ झडेल. झडली नाही. हे उठले आणि पिशवी भरायला आत गेले.

ऑपरेशनच्या सकाळी सहाला त्यांना स्ट्रेचरवर घेतलं. हिरवा झगा, छातीवरचे केस काढलेले, आणि दात काढून माझ्या हातात दिलेले. दारापाशी त्यांनी माझा हात धरला. "उठलो तो दुसरोच निघालो, तर काय करशीत?"

"त्यालाही जेवायला घालीन," मी म्हटलं. त्यावर ते हसले, दातांशिवाय, आणि दार बंद झालं.

मग मी आणि मुलगी बाहेरच्या लोखंडी खुर्च्यांवर बसलो. पाच तास म्हणाले होते, सात लागले. मुलीने चहा आणून दिला, तो मी हातात धरून थंड केला. दुपारी डॉक्टर येऊन म्हणाले, सगळं ठीक झालं, उद्या सकाळी भेटा.

दुसऱ्या दिवशी आत एकालाच सोडत होते, मी गेले. जाताना मी तीन प्रश्न तयार ठेवले होते, जे फक्त त्यांनाच ठाऊक असतील. इतकी मी पण बिघडले होते. लग्नानंतर पहिल्यांदा भांडलो ते कशावरून, हा एक होता. पण तिथे बघितलं तर नळ्या, टिकटिक करणारं मशीन, आणि मधे हा एवढासा माणूस. तिन्ही प्रश्न मी पार विसरले. मी पायाशी उभी राहिले. त्यांनी डोळे उघडले आणि माझ्याकडे बघत राहिले, खूप वेळ. मला भीती वाटली, खरोखरची. मला ओळखलं नाही तर? इतके दिवस मी हसत होते, ओरडत होते, आणि आता खाटेचा दांडा घट्ट धरून उभी होते.

घशातली नळी सकाळीच काढली होती, त्यामुळे आवाज बसलेला. मी उशाशी जाऊन कान खाली नेला.

"तू तीच मा गो?"

काय सांगू? त्या खुर्चीवर सात तासांत मी त्यांना चार वेळा मारलं होतं. चार वेळा रडले होते, बाराव्याचं सामान ठरवलं होतं, कोणती साडी नेसायची ते ठरवलं होतं. काजूची बाग कुणाला द्यायची, साखळीला मुलीकडे कुठल्या खोलीत राहायचं, तिच्या सासूशी कसं जुळवून घ्यायचं, सगळं ठरवून झालं होतं. आणि पाचव्या तासाला मला कळलं होतं की ते जमेल. ह्यांच्याशिवायही मी जगेन, जेवेन, झोपेन. सकाळी सहाला त्यांचा हात धरून दारापर्यंत गेली होती त्या बाईला हे माहीत नव्हतं. ती असती तर तिला ते खरंही वाटलं नसतं. आणि ती परत येणार नाही, हेही मला तिथे उभ्या उभ्या कळलं.

"तीच," मी म्हटलं. "दुसरी कोण येणार तुमच्यासाठी?"

त्यांनी डोळे मिटले. सुई लावलेला हात हळूहळू सरकवत माझ्या हातावर आणून ठेवला.

"मग मी पण तोच," ते म्हणाले आणि झोपी गेले.